लॉगिननंतर माणूस मूळ पानावर परत येत नाही: परतीचा पत्ता कुठे गळतो ते कसं शोधायचं

आधी लक्षणं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "भाऊ, मी त तुरीच्या नोंदणीच्या पानावर होतो. ओटीपी टाकला अन् हे मले पुन्हा पयल्याच पानावर घेऊन आलं." या एका वाक्यामागे निरनिराळे बिघाड असू शकतात. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी नेमकं काय दिसलं ते विचारून घ्या. मला आजवर सापडलेले प्रकार हे:

- लॉगिन झालं, पण माणूस मुख्य पानावर किंवा डॅशबोर्डवर पोचला.
- वर्डप्रेसची साइट आहे आणि साधा सदस्य स्वतःच्या प्रोफाइलच्या पानावर जाऊन पडतो.
- जँगोची (पायथनमध्ये साइट बांधायचा तयार साचा) साइट आहे आणि लॉगिननंतर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दिसतं. पत्त्यात 'अकाउंट्स/प्रोफाइल' असतं.
- पान बरोबर उघडतं, पण निवडलेलं गाव किंवा हंगाम उडालेला असतो.
- पान बरोबर उघडतं, पण भरलेला अर्ज कोरा होतो.
- पानाऐवजी महिरपी कंस आणि अवतरणचिन्हांनी भरलेला कच्चा मजकूर दिसतो.
- दोन-तीन टॅब उघडे असले की एका टॅबमधला माणूस दुसऱ्याच टॅबच्या पानावर जातो.
- लॉगिन, पुन्हा लॉगिन, पुन्हा लॉगिन.
- ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सगळं ठीक, गावातल्या मोबाईलवर नाही.

यवतमाळ-वर्धा भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, दूध संस्था, शाळा आणि वाचनालयांच्या छोट्या साइट मी सांभाळतो. हा बिघाड त्यांतल्या बहुतेक साइटवर कधी ना कधी आला आहे, आणि एकदा दुरुस्त केल्यावर वेगळ्या वाटेने परतही आला आहे. "मुख्य पान उघडलं ना, मग तिथून जाईल की तो" असं संस्थेतले लोक म्हणतात. ते मला पटत नाही. वरूड-मोर्शीकडचा संत्रा बागायतदार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या लिंकवरून थेट आंबिया बहाराच्या फळगळीच्या पानावर येतो. त्याने तुमचं मुख्य पान कधी पाहिलेलंच नसतं. मेनूत कुठे काय आहे हे त्याला माहीत नसतं. त्याला तिथे सोडलं की तो पान बंद करतो, आणि सल्ला त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आत काय घडतं

सर्व्हरच्या दृष्टीने ब्राउझरची प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. बंद पान, म्हणजे लॉगिनशिवाय न दिसणारं पान, मागितलं की सर्व्हर माणसाला ३०२ ('सध्या दुसरीकडे जा') हा स्टेटस देऊन लॉगिनच्या पानाकडे पाठवतो, म्हणजेच रीडायरेक्ट करतो. त्याच क्षणी 'हा कुठून आला' हे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. ते पत्त्याच्या शेपटीत ('?' पुढच्या भागात) लिहितात किंवा सर्व्हरवरच्या सेशनमध्ये (त्या माणसाच्या भेटीची सर्व्हरने ठेवलेली तात्पुरती नोंद). वर्डप्रेस 'रीडायरेक्ट_टू' नावाने लिहितं, जँगो आणि फ्लास्क-लॉगिन (पायथनच्या फ्लास्कसाठीची लॉगिनची जोडणी) 'नेक्स्ट' नावाने. लाराव्हेल हा पीएचपीतला साचा तोच पत्ता सेशनमध्ये 'इंटेंडेड' म्हणून ठेवतं.

लिहिलेला हा पत्ता मग लॉगिनचं पान, फॉर्म, ओटीपीचं पान, पडताळणी आणि शेवटचं रीडायरेक्ट, या सगळ्यांतून शाबूत जायला हवा. ठिबकची नळी कुठे फुटली ते पाहायला आपण वरच्या टोकापासून चालत जातो, तसंच इथे करायचं. मधल्याच कुठल्यातरी कोडमध्ये आधी हात घालू नका.

खालच्या उदाहरणांत पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या साइटवर ते बहुधा इंग्रजी अक्षरांत असतील. 'नेक्स्ट'च्या जागी तुमच्याकडे जे नाव असेल ते समजा.

पत्त्याची पट्टी वाचा

याला ना पैसा लागतो ना कोड. लॉगआऊट व्हा, बंद पानाची लिंक पट्टीत चिकटवा, आणि लॉगिनचं पान उघडलं की वरचा पूर्ण पत्ता वाचा. मोबाईलवर क्रोम पूर्ण पत्ता दाखवेलच असं नाही. पट्टीवर बोट ठेवलं की बाकीचा पत्ता दिसतो. तिथे असं काही दिसायला हवं:

/लॉगिन?नेक्स्ट=/तूर/नोंदणी

शेपूट नसेल, तर पहिल्याच टप्प्यावर गळती आहे आणि पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. लाराव्हेलसारखी सेशनवाली साइट असेल तर मात्र शेपूट नसणं बरोबरच आहे.

आता दुसऱ्या वाटेने जा. उघड्या पानावर उभे राहून वरच्या मेनूतलं 'लॉगिन' बटण दाबा. बंद पानावरून येणारी वाट चालते आणि बटणाची वाट तुटलेली असते, हे मी खूप वेळा पाहिलं आहे. कारण सोपं आहे. बंद पानावर पहारा देणारा कोड पत्ता आपोआप जोडतो. मेनूतलं बटण म्हणजे कोणीतरी हाताने टाकलेली साधी लिंक असते, तिला सध्याचं पान कोणतं ते कळत नाही. वर्डप्रेसवर मेनूत स्थिर लिंक टाकण्याऐवजी 'लॉगिन/आऊट' हा ब्लॉक वापरा. सध्याच्या पानावर परत नेण्याची सोय त्यात आहे. थीमच्या कोडमध्ये बटण असेल तर 'डब्ल्यूपी_लॉगिन_यूआरएल' या फंक्शनला सध्याच्या पानाचा पत्ता द्यावा लागतो. तो दिला नाही, तर परतीचा पत्ता जोडलाच जात नाही.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि एचटीटीपीएस

हीही फुकटची तपासणी. साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, दोन्ही प्रकारे उघडून बघा. दोन्ही पत्ते जसेच्या तसे उघडे राहत असतील, म्हणजे एक दुसऱ्याकडे वळत नसेल, तर ब्राउझरच्या लेखी त्या दोन वेगळ्या साइट असू शकतात. एका नावावर ठेवलेली कुकी (ब्राउझरने जपलेली ओळखीची चिठ्ठी) दुसऱ्या नावाला मिळत नाही, आणि कुकी नाही म्हणजे सेशन नाही. एचटीटीपी आणि एचटीटीपीएसचंही तसंच: 'सिक्युअर' खूण असलेली कुकी साध्या एचटीटीपीवर जात नाही.

वर्डप्रेसमध्ये याचा आणखी एक परिणाम होतो. परतीच्या पत्त्यातलं साइटचं नाव सेटिंगमधल्या नावाशी जुळलं नाही, तर वर्डप्रेस तो पत्ता परका समजून टाकून देतं आणि माणसाला अ‍ॅडमिनकडे वळवतं. परतीचा पत्ता मिळालाच नाही, तर ज्याला लेख लिहिण्याचा अधिकार नाही तो साधा सदस्य प्रोफाइलच्या पानावर जातो. वरच्या यादीतल्या दुसऱ्या लक्षणाचं मूळ बहुधा इथेच असतं. 'सेटिंग्ज'मधल्या 'जनरल'मध्ये साइटचे दोन पत्ते असतात, त्यांत नाव आणि एचटीटीपीएस एकसारखं आहे का ते पाहा. पण ते बदलण्याआधी बॅकअप घ्या. चुकीचा पत्ता सेव्ह झाला तर तुम्हालाच आत जाता येणार नाही.

फोन आणि ब्राउझर

तक्रार करणाऱ्याला विचारा की लिंक कशातून उघडली. फेसबुकसारख्या अ‍ॅपच्या आत उघडणारा ब्राउझर आणि फोनमधला क्रोम यांच्या कुकी वेगळ्या असतात. लिंक अ‍ॅपमध्ये उघडली आणि ईमेलमधली पडताळणीची लिंक क्रोममध्ये, तर पहिल्या ब्राउझरच्या सेशनमध्ये लिहिलेला परतीचा पत्ता दुसऱ्याला माहीतच नसतो. त्यावर खरा उपाय म्हणजे परतीचा पत्ता पडताळणीच्या लिंकमध्येच जोडणं. तोवर 'क्रोममध्ये उघडा' एवढी सूचना पानावर ठळक लिहा.

इथेच एक चिवट प्रकार सांगतो. लॉगिनकडे पाठवताना कोणी ३०२ ऐवजी ३०१ वापरलं असेल, तर ब्राउझर ते कायमचं स्थलांतर समजून लक्षात ठेवू शकतो. मग लॉगिन झाल्यावरही तो सर्व्हरला न विचारता थेट लॉगिनच्या पानावर जातो. नव्या खाजगी खिडकीत आधी थेट लॉगिनच्या पानावर जाऊन लॉगिन केलं तर सगळं चालतं आणि जुन्या खिडकीत चालत नाही, ही याची ओळख. ३०२ करा आणि ज्यांना त्रास होतो त्यांना ब्राउझरची साठवण पुसायला सांगा.

कॅश

होस्टिंग स्वस्तातलं आणि नेटवर्क कमजोर, म्हणून आपल्याकडच्या साइटवर कॅशचं, म्हणजे तयार पान साठवून पुढच्यालाही तेच देणारं, प्लगइन असतंच. ते असावंही. पण लॉगिनचं पान कॅशमध्ये गेलं, तर आधीच्या कोणाचा परतीचा पत्ता पुढच्याच्या फॉर्ममध्ये येऊ शकतो. प्लगइन पाच मिनिटं बंद करा आणि पुन्हा तपासा. बिघाड गेला तर प्लगइन काढून टाकू नका. लॉगिन, ओटीपी आणि सदस्यांची पानं तेवढी वगळा, आणि त्या पानांवर 'कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर' पाठवा. मध्ये सीडीएन (पानांच्या प्रती वाटणारे मधले सर्व्हर) असेल तर तिथेही हाच नियम लावा.

फॉर्म आणि ओटीपी

इथून पुढे कोड वाचता यायला हवा. आपल्याकडच्या साइटवर सगळ्यांत जास्त गळती इथेच होते, म्हणून इथे वेळ द्या.

लॉगिनच्या पानाच्या पत्त्यात शेपूट आहे, पण फॉर्म पाठवल्यावर ते जातं. फॉर्मचा 'अ‍ॅक्शन' पाहा. तो रिकामा असेल तर फॉर्म आहे त्याच पूर्ण पत्त्यावर जातो आणि शेपूट टिकतं. तिथे नुसतं '/लॉगिन' लिहिलं असेल तर शेपूट तिथेच तुटलं. म्हणून परतीचा पत्ता फॉर्मच्या आत लपलेल्या फील्डमध्येही ठेवावा. जँगोचं लॉगिन आधी फॉर्ममधला 'नेक्स्ट' बघतं, तो नसला तर पत्त्यातला. सुंदर नवा टेम्प्लेट बनवताना ते लपलेलं फील्ड उचलायचं राहतं आणि बिघाड सुरू होतो.

आता ओटीपी. नंबरचं एक पान, ओटीपीचं दुसरं, म्हणजे टप्पा वाढला. पहिल्या पानापर्यंत पत्ता येतो आणि दुसऱ्या पानाला कोणी देतच नाही. तपासताना नेहमीच्या सरळ वाटेने जाऊ नका, कारण लिहिणाऱ्याने तेवढीच वाट तपासलेली असते. गावात काय घडतं ते आठवा. सिम बापाच्या फोनमध्ये, बाप वावरात, पोरगा घरी अर्ज भरतोय. ओटीपी उशिरा येतो. पोरगा 'पुन्हा पाठवा' दाबतो. मग चुकीचा आकडा टाकतो. मग नेटवर्कसाठी गच्चीवर जातो आणि पान रिफ्रेश करतो. या प्रत्येक वळणावर परतीचा पत्ता टिकला पाहिजे. म्हणून हे सगळं मुद्दाम करून बघा: चुकीचा ओटीपी, मुदत संपलेला ओटीपी, 'पुन्हा पाठवा', 'नंबर बदला', 'नवीन नोंदणी', 'पासवर्ड विसरलात'. 'पुन्हा पाठवा' ही लिंक सहसा साधी असते आणि शेपूट गिळते.

काही जण परतीसाठी 'रेफरर'वर म्हणजे ब्राउझर सांगतो त्या मागच्या पानावर अवलंबून राहतात. पहिल्या प्रयत्नात ते चालतं. पासवर्ड एकदा चुकला की मागचं पान म्हणजे लॉगिनचंच पान होतं, आणि माणूस लॉगिन करून लॉगिनवरच परततो. ही पद्धत मी दिसेल तिथून काढतो.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर क्रोमची डेव्हलपर टूल्स उघडा, 'नेटवर्क' टॅबमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा आणि लॉगिन करा. ती खूण नसेल तर पान बदललं की आधीच्या ओळी पुसल्या जातात. प्रत्येक ३०२ च्या ओळीतलं 'लोकेशन' वाचत जा. ज्या ओळीत परतीचा पत्ता शेवटचा दिसला, तिच्यापुढचा टप्पा तुमचा गुन्हेगार. बिघाड फक्त मोबाईलवर असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून कॉम्प्युटरच्या क्रोममधून तेच पाहता येतं.

गाव राहतं, हंगाम उडतो

समजा मूळ पान असं आहे:

/तूर/यादी?गाव=बोरी&हंगाम=खरीप

हे जसंच्या तसं 'नेक्स्ट='पुढे चिकटवलं तर '&' पाशी सर्व्हरला वाटतं की नवा मुद्दा सुरू झाला. 'नेक्स्ट'मध्ये 'गाव=बोरी' पर्यंतचाच पत्ता उरतो आणि हंगाम तुटून बाजूला पडतो. म्हणून पत्ता जोडण्याआधी तो एन्कोड करायचा, म्हणजे '&' चं '%२६' होतं. पीएचपीत त्यासाठी 'यूआरएलएन्कोड' आहे, जावास्क्रिप्टमध्ये 'एन्कोडयूआरआयकंपोनंट'. जावास्क्रिप्टमधलं नुसतं 'एन्कोडयूआरआय' वापरू नका; ते '&' ला हात लावत नाही.

उलटा प्रकारही होतो. दोन टप्प्यांनी प्रत्येकी एकदा एन्कोड केलं तर '%२६' चं '%२५२६' होतं. पत्त्यात '%२५' दिसलं की दुहेरी एन्कोडिंगची शंका घ्या. मराठी पत्ते असलेल्या साइटवर हे लगेच उघडं पडतं, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि एन्कोड झाल्यावर नऊ अक्षरांची जागा घेतं. दुहेरी झालं की पत्ता अवाढव्य होतो आणि पान सापडत नाही.

पत्त्यातल्या '#' पुढचा भाग, म्हणजे पानाच्या आतली जागा, ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. तो परत हवा असेल तर लॉगिनच्या पानावर जावास्क्रिप्टने तो वाचून फॉर्ममध्ये भरावा लागतो. छोट्या साइटसाठी मी हा खटाटोप करत नाही.

शेवटचं रीडायरेक्ट

पत्ता शेवटपर्यंत आला आणि तरी वापरला गेला नाही, तर दोष इथे आहे. लाराव्हेलमध्ये 'इंटेंडेड' वापरायच्या जागी कोणीतरी सरळ '/होम' लिहिलेलं असतं. जँगोत 'नेक्स्ट' मिळाला नाही तर 'लॉगिन_रीडायरेक्ट_यूआरएल' वापरलं जातं, आणि ते तुम्ही ठरवलेलं नसेल तर '/अकाउंट्स/प्रोफाइल/'. तुमच्या साइटवर असं पान नसतं, म्हणून ४०४. हे सेटिंग बदललं की ४०४ जाईल, पण 'नेक्स्ट' गळतोय हा मूळ दोष झाकला जाईल. आधी गळती बुजवा, मग सेटिंग.

वर्डप्रेसवर सदस्यत्वाची, दुकानाची प्लगइन 'लॉगिन_रीडायरेक्ट' या फिल्टरमधून स्वतःचं पान लादतात. प्लगइन एकेक करून बंद करत बघा, म्हणजे कोण ते कळतं. त्या प्लगइनच्या सेटिंगमध्ये 'लॉगिननंतरचं पान' असा रकाना सहसा असतो.

हाताने लिहिलेल्या पीएचपीत 'लोकेशन' पाठवल्यावर 'एक्झिट' लिहायचं राहतं. कोड पुढे चालत राहतो, खाली दुसरं 'लोकेशन' भेटतं, आणि ते पहिल्याची जागा घेतं. बरोबर पत्ता लिहूनही माणूस मुख्य पानावर जातो आणि कोड वाचणाऱ्याला कारण दिसत नाही. प्रत्येक रीडायरेक्टखाली 'एक्झिट' आहे का ते बघा.

लॉगिन झाल्यावर सेशनचा क्रमांक बदलणं सुरक्षेसाठी गरजेचं आहे, ते काढू नका. पण क्रमांक बदलताना अख्खं सेशनच रिकामं केलं जात असेल तर आतला परतीचा पत्ताही जातो. तो आधी बाजूला काढून ठेवावा लागतो.

टॅबची अदलाबदल, कच्चा मजकूर आणि चक्र

सेवा केंद्रावरचा ऑपरेटर समोर चार माणसं बसवून चार टॅब उघडतो. सेशनमध्ये परतीच्या पत्त्याची जागा एकच असेल तर शेवटच्या टॅबचा पत्ता आधीच्या सगळ्यांवर चढतो. अशा ठिकाणी परतीचा पत्ता सेशनमध्ये न ठेवता लिंकमध्ये ठेवावा, म्हणजे प्रत्येक टॅब स्वतःचा पत्ता स्वतः वाहतो. माझा कल नेहमी याच बाजूला असतो.

कच्चा मजकूर दिसण्याचं कारणही याच एका जागेत आहे. पान मागून गुपचूप सूचना किंवा बाजारभाव मागवत असतं. सेशन संपलं की त्या मागणीलाही लॉगिनकडे पाठवलं जातं आणि तिचाच पत्ता 'मूळ पान' म्हणून नोंदला जातो. माणूस लॉगिन करतो आणि त्याच्यापुढे डेटा येतो. परतीचा पत्ता नोंदवताना फक्त 'गेट' (नुसतं पान वाचायला मागणारी) मागणी आणि खरं पान एवढंच नोंदवा. मागून जाणाऱ्या मागण्यांना ४०१ ('आधी लॉगिन करा') द्या. लॉगिन आणि लॉगआऊट या पानांचे पत्तेही नोंदवू नका. नाहीतर माणूस आत येताक्षणी बाहेर पडतो, किंवा '/लॉगिन?नेक्स्ट=/लॉगिन?नेक्स्ट=' अशी माळ वाढत ४१४ ('पत्ता फार लांब') पर्यंत जाते.

चक्राचं आणखी एक कारण परवानगी. माणूस लॉगिन झालेला आहे, पण ते पान फक्त संचालकांसाठी आहे. पहारेकरी कोड त्याला पुन्हा लॉगिनकडे पाठवतो. त्याला ४०३ द्या आणि 'हे पान पाहण्याचा अधिकार तुमच्या खात्याला नाही' असं मराठीत लिहा.

कोरा झालेला अर्ज

हे लक्षण मला सगळ्यांत जास्त लागतं, कारण यात माणसाची मेहनत जाते. पीएचपीत सेशन टिकण्याची मूळ सेटिंग १४४० सेकंद आहे, म्हणजे २४ मिनिटं. शेतकऱ्याने अर्ज उघडला, सातबारा शोधला, आठ-अ साठी घरी फोन केला, पासबुकाचा फोटो मागवला, तेवढ्यात लाइट गेली. परत येऊन 'सादर करा' दाबलं तेव्हा सेशन संपलेलं. सर्व्हर लॉगिनकडे पाठवतो, आणि लॉगिननंतर ब्राउझर त्याच पत्त्यावर परत येतो, पण 'पोस्ट'मध्ये (फॉर्म सादर करण्याच्या मागणीत) पाठवलेली माहिती सोबत येत नाही. पत्ता परत आणणाऱ्या कुठल्याही पद्धतीने हे सुटत नाही.

सोपा उपाय म्हणजे सेशनची मुदत वाढवणं. शेअर्ड होस्टिंगवर सेशनच्या फाइल इतर साइटच्या फाइलसोबत एकाच फोल्डरमध्ये असतील तर दुसऱ्याच्या कमी मुदतीने तुमच्या फाइलही पुसल्या जाऊ शकतात. तेव्हा फोल्डर वेगळं करा. पक्का उपाय म्हणजे अर्ज टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर मसुदा म्हणून साठवणं. ब्राउझरमध्ये मसुदा ठेवणं स्वस्त पडतं, पण सेवा केंद्राच्या सामायिक कॉम्प्युटरवर आधार आणि बँक खात्याचे आकडे असे ठेवू नका. पुढच्या माणसाला ते दिसतील.

चालू करण्याआधी ही एक परीक्षा

परत आणणं जमलं की लोक इथेच थांबतात. थांबू नका. 'नेक्स्ट'मध्ये दुसऱ्याच साइटचा पूर्ण पत्ता टाकून लॉगिन करा. तुमची साइट तिकडे घेऊन गेली, तर तुम्ही फसवणाऱ्याला दार उघडून दिलं आहे. तो तुमच्याच संस्थेच्या नावाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवेल. माणूस खरं लॉगिन करेल, आणि पुढच्या क्षणी हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर खाते क्रमांक भरेल. संस्थेवरच्या विश्वासापोटी तो भरेल.

नियम असा: परतीचा पत्ता एकाच तिरक्या रेघेने सुरू होणारा, आपल्याच साइटचा असावा. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा नाकारा, कारण ब्राउझर त्याला दुसरी साइट समजतो. तिरक्या रेघेपुढे उलटी रेघ असेल तोही नाकारा. ब्राउझर दोन्ही रेघा सारख्याच धरतात. 'पत्ता आमच्या नावाने सुरू होतो का' एवढीच तपासणी पुरत नाही, कारण 'आमचीसाइट.इन.दुसरीसाइट.कॉम' हाही तसाच सुरू होतो. शक्यतो स्वतः लिहू नका. वर्डप्रेसमध्ये 'डब्ल्यूपी_सेफ_रीडायरेक्ट' आहे, जँगोचं तयार लॉगिन ही तपासणी स्वतःच करतं. फ्लास्क-लॉगिनमध्ये ती जबाबदारी तुमची आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

गूगलचं लॉगिन जोडलेलं असेल आणि बिघाड तिथे असेल तर अंदाजाने बदल करू नका. परतीचं पान गूगलकडे नोंदवलेल्या 'रीडायरेक्ट_यूआरआय'मध्ये घुसवता येत नाही; तो नोंदीशी तंतोतंत जुळावा लागतो. परतीचा पत्ता सेशनमध्ये आणि त्याची खूण 'स्टेट'मध्ये (गूगलकडे जाऊन तशीच परत येणारा मजकूर) ठेवायची असते. 'स्टेट'ची तपासणी अडचण वाटून काढून टाकलेली मी पाहिली आहे. ती सुरक्षेसाठी असते. अ‍ॅपच्या आतल्या वेब-व्ह्यूमध्ये गूगल लॉगिनच करू देत नाही, तिथे तुमच्या कोडमध्ये काही सापडणार नाही.

पैसे भरून परत येताना माणूस लॉगआऊट झालेला दिसत असेल तर कारण बहुधा कुकीच्या 'सेमसाइट'मध्ये आहे. दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची की नाही ते ही खूण ठरवते; 'लॅक्स' आणि 'नन' ही तिची मूल्यं. क्रोमने २०२० पासून ज्या कुकीवर काही लिहिलेलं नाही तिला 'लॅक्स' धरायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या साइटवरून 'पोस्ट'ने परत येताना 'लॅक्स' कुकी सोबत येत नाही. 'नन' लिहायचं तर 'सिक्युअर' लागतंच, आणि मग इतर संरक्षणही पुन्हा तपासावं लागतं. पैशाच्या वाटेवर हे काम अनुभवी माणसाचंच.

लॉगिननंतर पत्त्यात 'लोकलहोस्ट' किंवा मधूनच साधं एचटीटीपी दिसलं तर पुढचा प्रॉक्सी (सर्व्हरच्या आधी मागणी घेणारा मध्यस्थ) मूळ नाव आणि प्रोटोकॉल आत पोचवत नाही. तो सर्व्हरच्या सेटिंगचा विषय आहे, होस्टिंगवाल्याला कळवा. आणि वरच्या परीक्षेत चालू साइट नापास झाली, तिथे आधार किंवा बँकेची माहिती असेल, तर परतीची सोय त्याच दिवशी बंद करा. सगळे मुख्य पानावर गेले तरी चालेल. मग माणूस बोलवा.

बॅकअप नसेल आणि तो घेता येत नसेल, तरी कोडला हात लावू नका.

जाणकाराला फोन करताना एवढं तयार ठेवा: कोणत्या पानावरून लॉगिन केलं तो पूर्ण पत्ता, शेवटी कुठे पोचलो तो पूर्ण पत्ता, फोन आणि ब्राउझर, बिघाड झाला ती तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ, अलीकडे बदललेलं प्लगइन किंवा सेटिंग, आणि नेटवर्क टॅबमधल्या ३०२ च्या ओळींचे फोटो. वेळ अचूक असेल तर सर्व्हरच्या नोंदीत तो क्षण सापडतो. फोटो पाठवण्याआधी त्यात ओटीपी, कुकी किंवा पासवर्ड दिसत नाही ना ते बघा. कामासाठी त्याला वेगळं खातं उघडून द्या आणि काम झालं की ते बंद करा.